सेवा दल पक्षाची युवक शाखा कधीच नव्हती

शाखाप्रेमी: कालच्या चर्चेत एकाने लिहिलं, ‘राष्ट्र सेवा दल ही समाजवादी पक्षाची युवक शाखा. ती गाण्यानाचण्यात रमली, म्हणून पक्षाला कार्यकर्ते मिळाले नाहीत.’ वाचून संताप झाला. १९४१मध्ये पुण्यात एसेम, म्हणजे एस. एम. जोशी, सेवा दलाचे दलप्रमुख झाले तेव्हा ही समाजवादी मंडळी काँग्रेसमध्येच होती, वेगळा पक्ष निघाला १९४८ला. पक्षाची शाखा म्हणायची तर समाजवादी युवजन सभा. सेवा दल पक्षाला बांधलेलं नव्हतं म्हणून तर टिकलं. ५५ला राममनोहर लोहिया वेगळे झाले, ६४ला एकत्र येऊन संसोपा (संयुक्त सोशालिस्ट पक्ष), पुढच्याच वर्षी प्रसोपावाले (प्रजा सोशालिस्ट पक्षाचे) पुन्हा बाहेर, ७१ला परत एकी, ७७ला अख्खा पक्ष जनता पक्षात विसर्जित. दर वेळी पोरांनीही फुटायचं होतं का?

कोरडवाहू: कागदावर स्वतंत्र, मान्य. माझे काका संध्याकाळी शाखा घ्यायचे आणि निवडणूक लागली की झोपडीची, म्हणजे पक्षाच्या निशाणीची, पत्रकं वाटायचे. यातलं दलाचं काम कुठलं आणि पक्षाचं कुठलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण मूळ दुखणं कलापथकाचं, म्हणजे दलाच्या गाण्यानाटकांच्या चमूचं आहे. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके तिथूनच आले. नट मिळाले, संघटक कुठे आहेत?

शाखाप्रेमी: संघटक? मृणाल गोरे कुठून आल्या? सगळ्या जातींना एकच पाणवठा असावा म्हणून ‘एक गाव एक पाणवठा’ मोहीम चालवणारे बाबा आढाव? आणि कलापथकाला हिणवू नका. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले, तेव्हा गावागावांत लोक जमवले ते याच गाण्यांनी.

निळी पहाट: आता मला बोलावंच लागेल. गुरुजींचं उपोषण मे १९४७चं. बाबासाहेबांनी नाशिकच्या काळाराम मंदिराचा प्रवेश सत्याग्रह १९३०ला सुरू केला, तो वर्षानुवर्षं चालला, दगड खाल्ले. आमच्या आजोबांच्या पिढीने मार खाल्ला आणि इतिहास सांगताना तुम्ही सुरुवात पंढरपूरपासून करता. दर वेळी!

शाखाप्रेमी: मी श्रेय हिरावतोय असं कुठे लिहिलंय? सवर्णांचं मन वळवायला कुणीतरी सवर्णांत जायला हवंच होतं.

निळी पहाट: हवंच होतं. ते केलं, याबद्दल गुरुजींना मानतेच. पण दारं उघडणाऱ्याचं नाव घेताना ती ठोठावून ज्यांचे हात रक्ताळले त्यांना विसरू नका, एवढंच सांगतेय. आवाज चढवू नका.

मराठवाड्याचा: दोघंही ४७मध्येच अडकलात. पक्षापासून दूर राहण्याचं एवढं कौतुक आहे, तर १९६७ला पुण्यातल्या तरुणांना युक्रांद (युवक क्रांती दल) ही वेगळी संघटना का काढावी लागली? कारण थोरांची फक्त शिबिरं आणि बौद्धिकं चालली होती. ७८ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाला आणि आमच्याकडे दलितांची घरं जळाली. वडील नामांतराच्या बाजूने उभे राहिले म्हणून गावाने आमच्याशी बोलणं टाकलं होतं. तेव्हा दलित पँथरबरोबर युक्रांदची पोरं रस्त्यावर होती.

शाखाप्रेमी: नामांतराच्या बाजूने सेवा दलाचेही लोक होते. एसेम स्वतः होते.

मराठवाड्याचा: एसेम होते, ते कोण नाकारतंय? मी संघटनेबद्दल विचारतोय.

कोरडवाहू: फुटींचा मुद्दा मला पटला, तेवढा सोडतो. पण ७७ला पक्षच उरला नाही, तेव्हा दलात घडलेल्या तरुणाने राजकारण करायचं कुठे? याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.