मदत हवी आहे: लांब चढाईच्या शिखरावरून परत फिरण्याची वेळ कशी ठरवावी?

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांनी मी आणि धाकटी बहीण एका आडबाजूच्या शिखरावर जाणार आहोत. मुक्काम 1900 मीटरवर, माथा 3400 मीटरवर. जायचं अंतर 11 किलोमीटर, आणि त्याच दिवशी खाली यायचं. वाटेत वस्ती नाही, रेंज नाही, शेवटचं पाणी निम्म्या वाटेवर. सूर्यास्त साधारण 6:30 ला.

मागच्या वर्षी याहून लहान डोंगरावर आम्ही अडचणीत आलो होतो, ते अजून डोक्यातून जात नाही. चढताना दोघी ठणठणीत होतो. माथा समोर दिसत होता, म्हणून 'अजून अर्धाच तास' करत दुपारचे अडीच वाजवले. उतरताना बहिणीच्या मांड्या थरथरायला लागल्या, पाऊल टेकलं की गुडघा दुमडायचा. शेवटचे दोन तास एकाच बॅटरीच्या उजेडात तिला धरून उतरवलं. तिने आजवर एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. पण पुढे जायचा हट्ट माझा होता.

1892 सालचा नाइस्मिथचा नियम (5 किलोमीटरला 1 तास, शिवाय 600 मीटर चढाईला 1 तास) लावला तर चढायला पावणेपाच तास येतात. पण तो सोप्या वाटेसाठी आणि चांगल्या दमाच्या माणसासाठी आहे. आमचा वेळ किती धरू? आणि आसपास डोंगर नसताना उतरायचा सराव कसा करायचा?

प्रतिसाद 1

चढाईचा हिशोब नंतर करा, आधी अंधारापासून उलटं मोजा. 4:30 ला खाली पोचायचं ठरवलंत तर दोन तास हाताशी राहतात. उतरायला 5 तास धरा, म्हणजे 11:30 ला जिथे असाल तिथून मागे. पहाटे 4 ला निघालात तर चढायला साडेसात तास मिळतात, नियमाच्या दीडपटीहून जास्त. ही वेळ मुक्कामावरच ठरवा. माथा दिसायला लागल्यावर कुणाचंच डोकं ताळ्यावर राहत नाही. प्रत्येकीची बॅटरी वेगळी, आणि कधी परतणार हे मागे कुणाला तरी सांगून निघा.

प्रतिसाद 2

उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, त्यामुळे दम शाबूत असला तरी पाय जातात. जिने चढून लिफ्टने खाली येत असाल तर नेमका हाच सराव राहून जातो. जिने उतरा, हळूहळू मजले वाढवा, मग पाठीवर सामान घ्या. सुरुवातीला दोन-तीन दिवस मांड्या भरून येतील. पण असा ताण एकदा सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे कमी दुखतो. शेवटचा आठवडा मात्र पायांना आराम द्या. काठ्या न्या, उतारावर त्यांची लांबी थोडी वाढवा.

अजून एक. 2500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. डोकं दुखून मळमळायला लागलं तर वर जाऊ नका. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाची बोटं टेकवत सरळ रेषेत चालताना तोल जात असेल, तर लगेच खाली.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. जिने उतरणं आजपासून सुरू. बहिणीला 11:30 सांगितलं, ती म्हणाली 11. मग 11. आणि घड्याळ तिच्याच हातात राहील.