स्टिकरवरचा ‘अमेरिकन टक्का’ तुमच्या गाडीचा नाहीच!

ट्रॉयकर
अमेरिकेत नव्या गाडीच्या खिडकीवर किंमत आणि माल कुठला हे सांगणारा स्टिकर लावायची कायद्यानं सक्ती आहे. काल इथं फोरमवर एका सदस्यानं नवी गाडी घेतल्याची पोस्ट टाकली. त्यातलं वाक्य: “खिडकीवरच्या स्टिकरवर स्पष्ट छापलंय, माझ्या गाडीत ७० टक्के अमेरिकन माल आहे. ज्यांना स्टिकर वाचायची सवय नाही तेच होंडा-टोयोटाला अमेरिकन म्हणतात.” खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. मी मिशिगनमध्ये एका सप्लायरच्या खरेदी विभागात आहे. हे टक्के ज्या कागदांवरून निघतात ते माझ्या टेबलावरून जातात, म्हणून सविस्तर लिहितोय.

तो आकडा तुमच्या गाडीचा नाही, त्या अख्ख्या कारलाइनचा, म्हणजे त्या मॉडेलच्या सगळ्या प्रकारांचा आहे. चार सिलिंडरवाली, व्ही सिक्सवाली, बेस ट्रिम, टॉप ट्रिम, सगळ्यांची सरासरी, तीही मॉडेल इयर सुरू होतानाच अंदाजानं काढलेली. वर्गाची सरासरी ७० आली म्हणून आपल्या पोराला ७० पडले असं कोणी म्हणतं का? शिवाय त्यात कॅनडाही धरलेला असतो. डेट्रॉइटला बनलेला पार्ट आणि नदीपलीकडे विंडसरला बनलेला पार्ट १९९२ च्या लेबलिंग कायद्याला सारखेच. खरी गोम पुढे आहे. गाडी कंपनीच्या मालकीचा नसलेल्या सप्लायरच्या पार्टमध्ये ७० टक्के मूल्य अमेरिका-कॅनडाचं निघालं की तो पार्ट थेट १०० टक्के धरतात. उरलेले ३० कागदावरून गायब! आणि गाडी जोडणाऱ्या कामगाराची मजुरी या टक्क्यात येतच नाही. लेबलच्या तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं, ते किती जणांनी वाचलं?

केंटकीतल्या जॉर्जटाउनला टोयोटाची कॅमरी बनते, ओहायोतल्या मेरिसव्हिलला १९८२ मध्येच होंडाची अकॉर्ड बनायला लागली. तिथं पोट भरणाऱ्यांना परकं ठरवायचं आणि मेक्सिकोत जोडलेल्या गाडीवर डेट्रॉइटच्या कंपनीचं नाव आहे म्हणून तिला देशी म्हणायचं, याला स्टिकर वाचणं म्हणत नाहीत.

फ्रेमाँटचा_निळू
गणित मान्य, निष्कर्ष अजिबात नाही. तुम्ही एका टक्क्याच्या मागे लागून अख्खा स्टिकर मोडीत काढताय. त्याच लेबलवर शेवटची जुळणी कुठल्या गावात झाली, इंजिन कुठल्या देशाचं, ट्रान्समिशन कुठल्या देशाचं, हे असतं ना? ती सरासरी नाही, ती तुमच्या समोर उभ्या असलेल्या गाडीची माहिती आहे. ऑक्टोबर १९९४ च्या आधी बनलेल्या गाडीवर एवढंही सांगायची सक्ती नव्हती.

कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रेमाँटला नुम्मी या टोयोटा आणि जनरल मोटर्सच्या (जीएम) भागीदारीतल्या कारखान्यात टोयोटा कोरोला आणि जीएमची जिओ प्रिझम एकाच लाइनवरून उतरायच्या. लोक एकीला परदेशी म्हणायचे, दुसरीला देशी. तो गैरसमज कशानं उघडा पडला? खिडकीवरच्या कागदानंच. आज त्याच जागेत टेस्ला बनते.

चाकण_फोर्जिंग
ट्रॉयकर, त्या गायब ३० टक्क्यांत आम्ही आहोत. आमच्याकडे कंट्रोल आर्मची, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्याची, फोर्जिंग होते. लाल तापलेला पोलादाचा ठोकळा हॅमरखाली येतो, ट्रिमिंग, शॉट ब्लास्टिंग, मग क्रॅक तपासणी. प्रत्येक पीसवर आमचा हीट कोड, म्हणजे पोलाद कुठल्या घाणीतलं ते सांगणारा शिक्का, ठोकलेला असतो. माल न्हावा शेव्यावरून अमेरिकेला जातो, तिकडे मशीनिंग करून बुश बसवतात. तिकडचं मूल्य ७० च्या वर गेलं की आमचा घाम १०० टक्के अमेरिकन. स्टिकरवर परदेशांची नावं द्यायची ती फक्त १५ टक्के किंवा जास्त वाटा असलेल्यांची, तीही जास्तीत जास्त दोन. भारताचं नाव त्यात कसं येणार? गाडी जॅकवर घ्या आणि खाली वाकून बघा, आमचा कोड दिसेल.

इंडियानाची_वहिनी
तुमचा देशाभिमान चालू द्या, पण गिऱ्हाईक फसतं ते दुसरीकडेच. आम्ही शेजाऱ्यांची गाडी चालवून बघितली, आवडली, पुढच्या वर्षाचं तेच मॉडेल, तीच ट्रिम सांगितली. ऐन जानेवारीत गाडी घरी आणली, तर स्टिअरिंग गरम करायच्या बटणाच्या जागी प्लॅस्टिकची कोरी टिकली! डीलर म्हणतो, “यावर्षी कंपनीनं काढलं, स्टिकरवर लिहिलंय का की आहे म्हणून?” नव्हतंच लिहिलेलं. स्टिकरवर असलेल्या गोष्टींची लांबलचक यादी होती, अगदी कप होल्डरसकट. मागच्या वर्षी होतं आणि यंदा नाही, त्याची एक ओळ नाही.

मला कोणीतरी सांगा, हे छापायला काय जातं? २०२१ च्या चिप टंचाईत जीएमनं सीट हीटर काढले तेव्हा ‘नॉट इक्विप्ड विथ’ अशी ओळ स्टिकरवर टाकली, पैसेही वजा केले. म्हणजे करता येतं. डीलर गाड्या मागवताना वापरतो त्या ऑर्डर गाइडमध्ये काय नवं आणि काय काढलं याचं वेगळं पानच असतं, ते आपल्याला दाखवत नाहीत.

आणि हो, त्याच स्टिकरवर डेस्टिनेशन चार्ज, म्हणजे कारखान्यातून डीलरकडे गाडी आणायचं भाडं, हजार डॉलरच्या वर. कारखाना आमच्याच राज्यात!

जुना_मेकॅनिक
वहिनी, डेस्टिनेशन चार्जवर राग काढू नका. तो देशभर सारखा ठेवतात म्हणून दूरच्या मोंटाना राज्यातल्या माणसालाही गाडी परवडते. सिनेटर माइक मन्रोनी यांनी १९५८ चा स्टिकरचा कायदा आणला, त्यामागे वाहतुकीचं भाडंच तर एक कारण होतं. तेव्हा गाडी जवळच्या कारखान्यात जोडलेली असली तरी गिऱ्हाइकाकडून डेट्रॉइटपासूनचं भाडं घ्यायचे. म्हणून वाहतूक खर्च वेगळा छापायची सक्ती झाली.

इंडियानाची_वहिनी
मग आता वेगळं काय चाललंय? तेव्हा न झालेल्या प्रवासाचं भाडं घ्यायचे, आताही घेतात, फक्त छापून घेतात. मोंटानाच्या माणसाची गाडी मी का ओढायची? आणि डीलरला म्हणावं हा चार्ज कमी करा, तर “कायद्यानं आहे” म्हणून हात वर करतो. कायदा फक्त लिहायला सांगतो, रक्कम कंपनी ठरवते.

फ्रेमाँटचा_निळू
तो चार्ज निदान छापील आहे. त्याच्या शेजारी डीलर स्वतःचा दुसरा स्टिकर चिकटवतो त्यावर बोला. टायरमध्ये नायट्रोजन, पेंट प्रोटेक्शन, दाराच्या कडेची पट्टी, आणि खाली ‘मार्केट ॲडजस्टमेंट’, म्हणजे मागणी आहे म्हणून वर लावलेले जादा पैसे. तसाच रंग, तसेच अक्षरप्रकार, म्हणजे नवख्याला वाटावं हाही सरकारीच. गेल्या वर्षी माझ्या भाच्यानं असेच पैसे भरले. अमेरिकेत नवा आलेला पोरगा, त्याला कोण सांगणार की अस्सल स्टिकर गिऱ्हाइकाच्या हाती जाईपर्यंत काढणं हा केंद्रीय गुन्हा आहे, पण शेजारचा तो कागद त्या कायद्यातला नाहीच? माझा खरा संताप यावर आहे, तुमच्या ७० टक्क्यांवर नाही.

जुना_मेकॅनिक
भाच्यानं सही केली ना? मग डीलरला शिव्या का? वाचून सही करायची.

फ्रेमाँटचा_निळू
व्वा. आयुष्यभर गॅरेजमध्ये काढलेल्या माणसानं फसलेल्या पोरालाच बोल लावायचा, हे बघून वाईट वाटलं. पुढे तुमच्याशी या विषयावर बोलणार नाही.

ट्रॉयकर
अहो, आपण कुठून कुठे आलो! निळूभाऊ, जुळणीचं गाव, इंजिन आणि ट्रान्समिशन या तीन ओळी पक्क्या आहेत, एवढं देतो तुम्हाला. मी स्टिकर फाडा म्हटलेलंच नाही. पण लोक त्या तीन ओळी सोडून नेमका टक्काच छाती फुगवून सांगतात, त्यावर माझा आक्षेप कायम आहे. वहिनींची मागणी मात्र माझ्या तक्रारीपेक्षाही रास्त आहे. कायदा ऑप्शनची किंमत छापायला सांगतो, मागच्या वर्षीपासून काय वगळलं ते नाही.

चाकण_फोर्जिंग
तुम्ही तिथं बारीक अक्षरांवर भांडताय, आमच्याकडे कागदच नाही. कंपन्यांना पीएलआय या उत्पादनावर प्रोत्साहन देणाऱ्या सरकारी योजनेचा लाभ घेताना ५० टक्के देशी मूल्यवर्धन सरकारला दाखवावं लागतं, गिऱ्हाइकाला दाखवायचं बंधन नाही. भारत एनकॅप, म्हणजे गाडीला सुरक्षेचे तारे देणारी टक्कर चाचणी, २०२३ मध्ये आलं, तेही ऐच्छिक. शोरूममध्ये एक्स-शोरूम किंमत, वर हँडलिंग चार्ज. म्हणून निळूभाऊंच्या बाजूनं माझं मत, मनात नसतानाही. अपुरा का होईना, कागद हवा.

जुना_मेकॅनिक
कर्ज काढणाऱ्यांसाठी एक कामाचं. २०२५ ते २०२८ या वर्षांत नव्या गाडीच्या कर्जावरचं वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतचं व्याज करातून वजा करता येतं, उत्पन्नाची मर्यादा आहे. तिथं पार्ट्सचा टक्का कोणी विचारत नाही, शेवटची जुळणी अमेरिकेत झालेली हवी, कॅनडा चालत नाही. स्टिकरवर गाव बघा, नाहीतर विन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, बघा: १, ४, ५ किंवा ७ नं सुरू होणारा अमेरिकेचा, २ कॅनडाचा, ३ मेक्सिकोचा. दहावं अक्षर मॉडेल इयरचं.

इंडियानाची_वहिनी
हे उपयोगाचं आहे, धन्यवाद. पण डेस्टिनेशन चार्जचं माझं म्हणणं तसंच आहे.