मदत हवी आहे : बॉयफ्रेंडला हर्पिस आहे, पुढे जाऊ का?

आठ महिने झाले डेट करतोय, मी २९ ची, पुण्यात. मागच्या रविवारी त्याने चहा गार होईपर्यंत नुसता कप फिरवत बसून शेवटी सांगितलं की त्याला एचएसव्ही-२ (मुख्यतः जननेंद्रियांवर होणारा हर्पिस) आहे, वर्षातून दोनेकदा फोड येतात, त्यासाठी व्हॅलासायक्लोव्हिर ५०० ची गोळी रोज घेतो. आधी सांगितलं याचं खरं तर कौतुकच वाटलं. मैत्रीण म्हणते अगं नागीणच ना, होते बरी, पण नागीण वेगळी, तो कांजिण्यांचा व्हायरस!! स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या गोळी आणि कंडोमने रिस्क बरीच कमी होते पण शून्य नाही, फोड नसतानाही पसरू शकतं. कोणी असं लग्न निभावतंय का? प्रेग्नन्सीत काय काळजी घेतली? मी आधी आयजीजी टेस्ट (रक्तात हर्पिसच्या अँटीबॉडीज आहेत का ते बघणारी) करू का? आईला सांगावं का तेही कळत नाहीये. प्लीज लेक्चर नको, अनुभव सांगा.