थेंब सांध्यातून पडला म्हणजे सीलच गेलं असं नाही

गाडीखाली ऑइल गळत असलं की ‘इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडतोय म्हणजे क्रँकचं मागचं सील (इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारं कडं) गेलं, गिअरबॉक्स उतरवा’ असा सल्ला मिळतो, तो मला घाईचा वाटतो. ऑइल वरून ओघळतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे जातं आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून टपकतं. माझ्या १९९७ च्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीला कुर्ल्याच्या मेकॅनिकने हेच निदान दिलं होतं. सोसायटीत माझ्या पार्किंगच्या लादीवर रोज रुपयाएवढा डाग, वर सेक्रेटरींची कुरकुर.

शेवटी एका रविवारी इंजिन थंड असताना डिस्ट्रिब्युटरवर (प्लगना ठिणगीचा करंट वाटणारा भाग) प्लास्टिकची पिशवी बांधली, डीग्रीजर (तेलकटपणा काढणारं द्रावण) मारून सगळं धुतलं, पुसून वाळवलं आणि संशयाच्या जागांवर पायाला लावायची टाल्कम पावडर फुंकली. वांद्र्यापर्यंत जाऊन आलो, बॉनेट उघडलं, तर डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी पावडरीत बोटभर काळी रेघ! तिथली ओ-रिंग (सांध्यातून ऑइल अडवणारी रबरी रिंग) कडक होऊन चपटी झाली होती, नखाने दाबली तर तुटली. सीएसटी रोडवरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात ती वडापावच्या भावात मिळाली. (डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या जागेवर खूण करा, नाहीतर ठिणगीचं टायमिंग हलतं.)

आणखी एक, ब्रीदरचा (इंजिनच्या आतला वायू बाहेर सोडणारा) पाइप काढून फुंकून बघा. तो तुंबला असेल तर आत दाब साचतो आणि नवीन सीलसुद्धा गळायला लागतं. पावसाळ्यात मात्र हा पावडरीचा प्रयोग करू नका, नुसता चिखल होतो.