माउथऑर्गनचं ‘कपिंग’: ओंजळ, मूठ की संपुट?

विचारणा (ठाणे): माइक हातात धरून अ‍ॅम्पवर (अ‍ॅम्प्लिफायरवर) माउथऑर्गन वाजवताना हातांची जी ठेवण लागते, त्या ‘कपिंग’ला ‘ओंजळ’ म्हटलं तर चालेल का? नवशिक्यांसाठी टिपण करतोय.

उत्तर (वाशी): माइक नसेल तर ओंजळच म्हणा. उजवा तळवा उघडमीट केला की ‘वा-वा’ येतो, तिथे शब्द चपखल बसतो. अ‍ॅम्पवर मात्र तो फसवेल. ओंजळ वरून उघडी असते. इथे माइक आणि माउथऑर्गनची मागची बाजू मिळून बंद पोकळी व्हायला हवी. अमेरिकन ब्लूज माउथऑर्गनवादक लिटल वॉल्टर यांनी १९५० च्या दशकात गाजवलेला तो जाड, फाटका आवाज या बंद पोकळीशिवाय निघत नाही. म्हणून ‘संपुट’. शाळिग्रामाच्या झाकणाच्या डबीला संपुष्ट म्हणतात, त्याच घरातला शब्द.

उत्तर (कोपरखैरणे): वाजवणारी मुलं सर्रास ‘मूठ’ म्हणतात. संपुट पोथीतलं वाटतं हो.

उत्तर (वाशी): मूठ म्हटलं की हात आवळला जातो आणि पोकळीच उरत नाही. माउथऑर्गन डाव्या अंगठ्या-तर्जनीत, बुलेट माइक (मुठीत मावणारा गोलसर माइक) उरलेल्या बोटांच्या कुशीत, दोघांत साधारण दोन सेंटिमीटर. माइक माउथऑर्गनच्या पत्र्याला टेकला तर खडखडतो. मग उजवा हात बाहेरून मिटायचा. हवा बहुतेक दोन ठिकाणी गळते: करंगळ्यांच्या फटीत आणि मनगटाजवळ, तळव्यांच्या टाचांमध्ये. गळली की खर्ज जातो, आवाज पत्र्यासारखा पातळ होतो. ‘गळणे’ हे क्रियापद मात्र ओंजळीचंच ठेवा. हातात पाणी धरून बघा, कुठून ठिबकतं ते लगेच कळतं.

उत्तर (ठाण्यातलेच दुसरे): टिपणात एक भर घाला. गाण्याचा एसएम५८ (शूअर कंपनीचा, गोल जाळीचा माइक) असेल तर जाळी पूर्ण झाकली की मागून येणारा आवाज गाळायची त्याची सोय बंद पडते. तो चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि मॉनिटर (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) समोर असेल तर कुईऽऽ करतो. संपुट मिटण्याआधी अ‍ॅम्पचा आवाज उतरवा, मग हळूहळू चढवा.

विचारणा (ठाणे): संपुट ठरलं. पण ते ‘बांधायचं’ की ‘मिटायचं’?

उत्तर (वाशी): मिटायचं. ‘बांधा’ म्हटलं की बोटं ताठरतात. ‘मिटा’ म्हटलं की उघडणंही त्यातच येतं. सूर लांबवताना नुसती उजवी करंगळी उचलली तरी आवाज मोकळा होतो.