पोलो 1.0 टीएसआय: चाळीस हजारांत काय करून घेऊ?

कुंभार्लीकर: 2021 ची मॅन्युअल फोक्सवॅगन पोलो, टर्बो पेट्रोल (टीएसआय), 62 हजार किमी. महिन्यातून दोनदा पुण्याहून चिपळूण, कुंभार्ली घाटातून. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ट्रकमागून बाहेर पडताना दम कमी पडतो. बजेट चाळीस हजार. मोठा एक्झॉस्ट, कोन फिल्टर (उघडा, शंकूसारखा एअर फिल्टर), की थेट स्टेज 1 रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवण्याची पहिली पायरी?

सातारा_टीएसआय: माझी गाडी हीच, घाटही हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सगळ्यात आधी रिमॅप केला आणि तिथेच चुकलो. पहिले दोन महिने गाडी अशी पळाली की विचारू नका. मग एका पावसाळी संध्याकाळी चौथ्या गिअरमध्ये दाबली, तर आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा 2200 वरून सर्रकन 3000 ला गेला आणि वेग होता तिथेच. पाठोपाठ जळका वास. क्लच घसरत होता. कंपनीचा क्लच 175 एनएम (न्यूटन-मीटर) टॉर्कच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराच्या हिशेबाचा, त्यात माझा निम्मा झिजलेला. नवा टॉर्क त्याला झेपलाच नाही.

त्यामुळे ताकद वाढवण्याआधी गाडीची तब्येत बघ, सुरुवात टायरपासून. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाच वर्षांकडे आले असतील तर निम्मं बजेट तिथेच जाऊ दे, मला पश्चात्ताप झालेला नाही. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर तेही बदल, उतारावर पेडल मऊ पडतं ते त्यामुळेच. नवे प्लग टाक, टर्बोच्या पाइपांचे क्लॅम्प तपासून घे. बारीक गळती असली तरी बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) पडतो आणि आपण इंजिनला दोष देतो.

एक्झॉस्टने आवाज वाढेल, बाकी फारसं काही नाही. कोन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो, टर्बोला हवी थंड. आणि या इंजिनाला टॉर्क 1750 आरपीएमच्या पुढे मिळतो. तिसऱ्यात 1400 ला दाबण्यापेक्षा दुसरा टाक.

वकील_गाडीवाला: रिमॅपआधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीतल्या फेरफारांबद्दलचं) वाचा. अपघातानंतर विमा कंपनी फेरफाराचं कारण काढून दावा अडवू शकते. वॉरंटीचाही प्रश्न येतो.

कुंभार्लीकर: टायरवर 0821 आहे! खोबणीत बारीक चिराही दिसल्या. पुढच्या शनिवारी चारही बदलतो. रिमॅप नंतर केलाच, तर 95 ऑक्टेनचं प्रीमियम पेट्रोलच भरावं लागेल का?

सातारा_टीएसआय: रिमॅपची फाइल (नवी सेटिंग) 95 साठी बनवली असेल तर कायम तेच. पाटणच्या पुढे ते मिळेलच याची खात्री धरू नकोस. साध्या पेट्रोलवर नॉकिंग (इंजिनात ठकठक) होऊ लागलं की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो, पैसे देऊन मिळवलेली ताकद घाटातच जाते. साध्या पेट्रोलवरची सौम्य फाइल माग. पण क्लच तपासल्याशिवाय नको.