जुन्या सीआरटी (काचेच्या पिक्चर ट्यूबच्या) मॉनिटरला बदली पार्ट लावतोय, एक्स-रेची भीती किती खरी? सल्ला हवा

किनारा_वेंगुर्ले
नमस्कार मंडळी. बाबांचं वेंगुर्ल्यात टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आता बंद आहे. त्यांनी माळ्यावर जपून ठेवलेला १५ इंची रंगीत मॉनिटर खाली काढलाय. जुने डॉसचे गेम त्यावरच खेळायचे आहेत, एलसीडीवर ते चित्र तसं दिसत नाही. उघडला तर लाइन ट्रान्झिस्टरच्या (चित्राच्या आडव्या ओळी काढणाऱ्या भागातल्या) शेजारचा कॅपॅसिटर फुटलेला. त्यावर '९१२जे १६००व्ही' छापलंय. जवळच्या दुकानात तो नाही मिळाला. त्यांनी ६८२, २ केव्हीचा दिला. म्हणाले, "व्होल्टेज जास्तीचंच आहे, बिनधास्त लाव."

अजून लावलेला नाही, कारण चुकीच्या पार्टने ट्यूबमधून एक्स-रे वाढतात असं वाचलं. घरात वहिनीला सातवा महिना चालू आहे. हे खरं आहे का? हा पार्ट चालेल का? आणि ऑनलाइन मिळतो तो गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) घेऊन ठेवू का?

कलमबाग_देवगड
६८२ लावू नका. कारण जाणकार सांगतील, पण तो आधी बाजूला ठेवा.

फ्लायबॅक_रत्नागिरी
भीती खरी आहे, फक्त ती नेमकी कुठे आहे ते बघा. रॉंटगेनना १८९५ मध्ये एक्स-रे सापडले ते कॅथोड किरणांच्या नळीवर काम करतानाच, आणि सीआरटी ही त्याच जातीची नळी. नळीच्या मागच्या गनमधून सुटलेले इलेक्ट्रॉन ईएचटीच्या, म्हणजे ट्यूबला दिलेल्या अतिउच्च व्होल्टेजच्या, जोरावर शॅडो मास्कवर (पडद्यामागच्या भोकांच्या पत्र्यावर) नि पडद्यावर आदळतात, तिथे एक्स-रे तयार होतात. तुमच्या मॉनिटरला ईएचटी साधारण २४-२५ किलोव्होल्ट असेल. तेवढ्यावर निघणारे किरण दुबळे असतात, काचेतच अडतात. पुढच्या काचेत बेरियम आणि स्ट्रॉन्शियम असतं, मागच्या फनेलमध्ये शिसं. ठरलेल्या व्होल्टेजवर चालणाऱ्या मॉनिटरसमोर बसायला काहीही हरकत नाही.

ईएचटी वाढली की मात्र गणित बिघडतं. किलोव्होल्ट थोडेच वाढतात, पण काचेपलीकडे पोचणारे किरण कैक पटींनी वाढतात. अमेरिकेत १९६७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या काही रंगीत टीव्हींतून एक्स-रे निघत असल्याचं उघड झालं. ईएचटी सांभाळणारा व्हॉल्व्हच त्याला कारण होता. त्यानंतर १९६८ चा कायदा आला आणि सेटच्या पृष्ठभागापासून ५ सेंटीमीटरवर तासाला ०.५ मिलिरॉंटजेन ही मर्यादा ठरली.

आता तुमचा कॅपॅसिटर. ९१२ म्हणजे ९.१ नॅनोफॅराड, ६८२ म्हणजे ६.८. हा रिट्रेसचा, म्हणजे बीम पुढची ओळ काढायला परत फिरतो तेव्हाचा, कॅपॅसिटर. लाइन ट्रान्झिस्टर बंद झाल्यावर किती उंच पल्स उठेल ते हा ठरवतो. त्याची किंमत, म्हणजे नॅनोफॅराडचा आकडा, कमी झाली की पल्स आखूड आणि उंच होते, आणि त्याच पल्सवरून एलओटी (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर) ईएचटी बनवतो. ६.८ लावलात तर ईएचटी अंदाजे १५ टक्के चढेल, म्हणजे २४ चे सुमारे साडेसत्तावीस किलोव्होल्ट. दुकानदाराने व्होल्टेजचं रेटिंग बघितलं, किंमत बघितली नाही. रेटिंग वर गेलं तर चालतं, किंमत हलता कामा नये.

९१२ मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधा, पॉलिप्रॉपिलीनचाच, १६०० किंवा २००० व्होल्टचा. अगदीच नाही मिळाला तर ६.८ ला समांतर २.२ नॅनोफॅराड जोडा, दोन्ही त्याच जातीचे आणि त्याच रेटिंगचे. बेरीज ९.०, 'जे' म्हणजे ५ टक्के सूट, त्यात बसते. पण दोघांपैकी एकाचा जॉइंट सुटला की ईएचटी उडी मारेल, म्हणून सोल्डर भरपूर आणि पाय घट्ट. मी तरी एकसंध पार्टचीच वाट बघेन.

गायगर काउंटर घेऊ नका. स्वस्तातल्या काउंटरमधल्या बहुतेक ट्यूबना इतके दुबळे किरण नीट दिसतच नाहीत. तो गप्प राहिला म्हणजे सगळं ठीक, असा अर्थ काढता येत नाही. त्यापेक्षा ईएचटी प्रोब (इतकं उच्च व्होल्टेज मोजायचं साधन) मिळवा आणि ईएचटीच मोजा. ब्राइटनेस सगळ्यात कमी ठेवून मोजा, कारण बीम करंट (इलेक्ट्रॉनचा प्रवाह) नसतो तेव्हाच ती सर्वात वर असते. ८००×६०० आणि १०२४×७६८ अशा वेगवेगळ्या रेझोल्यूशनला मोजा.

वहिनीबद्दल: मॉनिटर बंद असताना एक्स-रे नसतातच आणि आतला कुठलाही पार्ट किरणोत्सारी होत नाही. ईएचटी मोजून होईपर्यंत चाचणी दुसऱ्या खोलीत करा, एवढं पुरे.

मालवणी_सोल्डर
एक्स-रे र्‍हवूंदे, आधी शॉक बघ. बंद करून ठेवलेली ट्यूब पण चार्ज धरून असता. स्क्रू ड्रायव्हरची वायर ट्यूबवरच्या काळ्या लेपाच्या जाळीक जोड आणि मगेच ड्रायव्हराचा टोक ट्यूबच्या रबरी अ‍ॅनोड कॅपखाली घाल. एकदा नाय, दोनदा कर. काच परत चार्ज सोडता.

आणि आपल्याकडची खारी हवा. माळ्यावर पडलेल्या बोर्डाक खार चढता, जड पार्टांचे जॉइंट तडकतत. रिट्रेस कॅपॅसिटरचो जॉइंट पयलो बघ. आयपीएन (आयसोप्रोपिल अल्कोहोलान) धू, सुकव, मगे सिरीज लॅम्प (मेन्सच्या वाटेत बल्ब) लावून चालू कर.

फ्लायबॅक_रत्नागिरी
त्यात एक भर. अ‍ॅनोड कॅपपाशी सूं-सूं आवाज आणि ओझोनचा वास आला तर ते ओलाव्याने होणारं लीकेज. त्याने ईएचटी वाढत नाही, पण आग आणि शॉकचा धोका असतो. कॅप काढून काच पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. ट्यूब मानेकडून कधीच उचलू नका, आणि डोळ्यांवर गॉगल हवाच.

किनारा_वेंगुर्ले
सगळ्यांचे मनापासून आभार. ९१२ मुंबईहून मागवला, लावला, जॉइंट पुन्हा केले. आता मॉनिटर चालू होतो, टक् करतो आणि बंद पडतो. ओळखीचे एक मेकॅनिक म्हणतात प्रोटेक्शनचा झेनर डायोड काप, सुरू होईल. इथे लाईट फार खालीवर होते, त्यामुळे असेल का?

फ्लायबॅक_रत्नागिरी
झेनर अजिबात कापू नका. तोच तुमचा एक्स-रे प्रोटेक्शन आहे. एलओटीच्या एका वाइंडिंगवरून तो पल्सची उंची बघतो आणि ईएचटी चढली की लाइन ऑसिलेटर बंद करतो. कापलात तर मॉनिटर सुरू होईल, पण किती किलोव्होल्टवर ते कोणी बघणार नाही. सर्किट डायग्राममध्ये त्रिकोणात उद्गारचिन्ह असलेले पार्ट हेच, ते अगदी तेवढ्याच किंमतीचे लावायचे.

लाईटचं खालीवर होणं एसएमपीएस (मॉनिटरचा पॉवर सप्लाय) सांभाळून घेते, ते कारण वाटत नाही. बी प्लस, म्हणजे एसएमपीएसकडून लाइन भागाला मिळणारं डीसी व्होल्टेज, मोजा. तो डायग्रामपेक्षा जास्त दिसला तर एसएमपीएसच्या फीडबॅकमधले रेझिस्टर एक पाय उचलून तपासा.

किनारा_वेंगुर्ले
बी प्लस जवळपास १२ टक्के जास्त होता! फीडबॅकमधला एक रेझिस्टर वाढला होता, पायाला हिरवा गंज. बदलला, आता मॉनिटर चालू राहतो, झेनर जागेवरच आहे. ईएचटी प्रोब एका आयटीआयतल्या सरांकडे आहे, सोमवारी त्यांच्यासमोर मोजणार. तोवर मागचं झाकण लावून बंदच ठेवलाय.

मालवणी_सोल्डर
बरा केलंस. सरांका सांग, प्रोबची अर्थ क्लिप आधी जाळीक लावूची, टोक मगे.